पिवळ्या पळसाची कलमकाडी

पिवळ्या पळसाचे बी पेरले की पिवळाच पळस उगवतो, असे आमच्या रोपवाटिकेत येणाऱ्या बहुतेकांना वाटते आणि त्या समजापोटी दर उन्हाळ्यात लोक टोकाला एकच बी असलेल्या त्या चपट्या शेंगा पिशव्या भरभरून आणून देतात. पळसाचे परागवहन शिंजीर, साळुंक्या असे पक्षी करतात. आजूबाजूला सगळे केशरी पळस असताना एकट्या पिवळ्या झाडाच्या बियात परका पराग असण्याचीच शक्यता अधिक, आणि रोपाचा खरा रंग कळायला पुढे कित्येक वर्षे थांबावे लागते. विरळ रंग खात्रीने टिकवायचा असेल तर त्याच झाडाची फांदी किंवा मूळ जिवंत ठेवावे लागते. हाँगकाँगचे प्रतीक ठरलेला कांचनाचा संकर तर बीच धरत नाही. जगभरातील त्याची झाडे 19व्या शतकाच्या अखेरीस सापडलेल्या एकाच झाडापासून कलमांनी वाढवलेली आहेत.

पन्हाळा तालुक्यात रस्त्याकडेच्या एका बांधावर असा एक जुना पिवळा पळस होता. मी त्याच्यावर बरीच वर्षे लक्ष ठेवून होतो आणि त्याचे ठिकाण कोणाला सांगत नव्हतो, कारण पांढऱ्या किंवा पिवळ्या पळसाखाली गुप्तधन असते या भ्रमाने लोक झाडाची साल सोलतात, मुळ्या तोडून नेतात. शिकलेली माणसेही यात असतात, याचे मला मनापासून दुःख होते. जानेवारीच्या सुरुवातीला बांधाच्या मालकांचा फोन आला. "दादा, रस्ता रुंद करायला उद्या सकाळी मशीन यायचंय. काय न्यायचं ते आजच न्या."

कलमासाठी यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती. पळस तेव्हा पानगळीत असतो आणि त्याच्या फांद्यांवर फुलांचे काळपट कळे धरू लागलेले असतात. कळ्यांची काडी खुंटावर, म्हणजे ज्या मुळासकट रोपावर कलम करायचे त्यावर, बांधली तर ती आपला साठा फुलण्यात घालवते आणि वाळून जाते. आम्हाला हवी असते ती पानाच्या डोळ्यांची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, मागच्या वर्षीची काडी, आणि जुन्या झाडावर तशा काड्या शेंड्याकडेच मिळतात. त्यात थंडीची भर. नीलमोहराचा पांढरा प्रकार थंड मुलखात वाढवणारे लोक कोवळी रोपे पहिले काही हिवाळे आडोशाला ठेवतात, कारण मोठे झाड थोडे दहिवर, म्हणजे गोठलेले दव, सोसते, कोवळे लाकूड सोसत नाही. कोल्हापुरात दहिवराची भीती नाही; पण रात्रीचे तापमान 15 अंशांच्या आसपास उतरले की काडी आणि खुंट यांना जोडणारी नवी पेशी फार सावकाश वाढते, आणि तेवढ्या अवधीत काडी सुकून जाते.

दुपारभर शिडी लावून आम्ही काड्या काढल्या, त्यांची टोके मेणात बुडवली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. मोजणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याला मी झाड आठवडाभर राखण्याची विनंती केली. त्यांच्या यादीत झाडाची जात आणि बुंध्याचा घेर एवढेच रकाने होते, रंगाचा नव्हता. "पळसाला पाने तीनच, इथला काय आणि तिथला काय," असे म्हणून त्यांनी कागद मिटला. वृक्षतोडीचे नियम 1964 च्या कायद्यापासून आहेत, परवानग्याही रीतसर घेतल्या जातात. पण जातीपलीकडे एखाद्या झाडाचे वेगळेपण नोंदवायची सोयच कागदावर नसेल, तर परवानगी देणाऱ्याला काय तोडले जात आहे हे कळणार तरी कसे?

सकाळी झाड पडले आणि उघड्या पडलेल्या मुळ्यांनी माझे काम सोपे केले. पळसाच्या मुळांना इजा झाली की त्यांतून फुटवे येतात आणि कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर वाढलेल्या झाडाचा असा फुटवा मूळ झाडाचाच रंग घेऊन वाढतो. अंगठ्याएवढ्या जाड मुळ्यांचे वीतभर तुकडे करताना मी बुंध्याकडचे टोक सरळ आणि दुसरे टोक तिरके कापत होतो, कारण लावताना वरची बाजू चुकली तर फुटवा धडपणे येत नाही. चालकाने मात्र न सांगता मशीन बाजूला घेऊन मला तासभर दिला. त्या दिवशी मला समजून घेणारा बांधाच्या मालकांशिवाय तो एकटाच.

रोपवाटिकेत साध्या पळसाचे खुंट आम्ही उंच पिशव्यांत वाढवतो, कारण सोटमूळ वेगाने खाली जाते आणि आखूड पिशवीत गुंडाळते. पाचर कलम करताना, म्हणजे काडीचे टोक पाचरीसारखे तासून खुंटाच्या चिरेत बसवताना, सालीतून लाल डिंक पाझरतो. तो ओल्या फडक्याने टिपल्याशिवाय जोड बसत नाही, म्हणून प्रत्येक कलमाला आंब्याच्या दुप्पट वेळ गेला. उबेसाठी ताजे शेण आणि उसाचे पाचट यांचा थर करून त्यावर वाळू पसरली, तीत पिशव्या रोवल्या आणि वर प्लास्टिकचा बोगदा घातला. कुजण्याच्या उष्णतेने मुळाशी हात लावला की ऊब जाणवत असे. तरीही बहुतेक काड्या काळ्या पडल्या, थोड्या जगल्या. मुळांच्या तुकड्यांनी मात्र उन्हाळा लागताच तीन पानांचे कोंब वर काढले.

त्यांतले पहिले रोप पावसाळ्यात त्याच शेतकऱ्यांच्या बांधावर, रस्त्यापासून आत, लावायचे आहे. पाटी लावली तर साल सोलणारे येणार आणि लावली नाही तर पुढच्या मोजणीत ते पुन्हा नुसता पळस म्हणून धरले जाणार. पाटी नको, असे मालकांचे मत आहे. मला ती हवीशी वाटते, पण त्यांचे म्हणणे खोडून काढेल असा मुद्दा मला अजून सापडलेला नाही.