हर्णैचा लिलाव आणि आमची सुरमई

दापोलीजवळच्या मुरुडला आम्ही चार दिवस राहिलो. त्यांपैकी तीन दिवस समुद्रात डुंबण्यात आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहण्यात सुखाने गेले. चौथ्या दिवशी हर्णैला गेलो, ते सुवर्णदुर्गासाठी. होडीने किल्ल्यावर उतरलो, दरवाजातले कोरलेले कासव आणि भिंतीतला मारुती पाहिला, आणि १७५५ साली पेशव्यांनीच इंग्रजांच्या आरमाराला हाताशी धरून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हे आठवून थोडा वेळ हळहळलो.

परत किनाऱ्यावर आलो, तेव्हा मासळीचा लिलाव सुरू होत होता. मोठ्या होड्या दूर खोल पाण्यात नांगरलेल्या होत्या आणि त्यांच्यातली मासळी बैलगाड्यांतून येत होती. चाके निम्मी पाण्यात, बैलांच्या पोटाला लाटा लागताहेत, असे ते दृश्य टिपण्यासाठी मी नेमका गाडीच्या वाटेत उभा राहिलो. "ओ भाऊ, बाजूला व्हा, बैल काय फोटोसाठी थांबणार नाहीत!" असे गाडीवानाने सुनावले, आणि ते मला लागले, कारण त्याचे बरोबर होते. ज्या किनाऱ्यावर माणसे पोटासाठी धावत होती, तिथे मी पर्यटक म्हणून निव्वळ अडगळ होतो.

ती भरपाई करावी म्हणून की काय, मी लिलावात बोली लावली. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तिथे मासळी ढिगाने जाते. शेवटी एका मावशींना दया आली. "दादा, अख्खी पाटी नेऊन काय करणार? ही एक घ्या," म्हणत त्यांनी आपल्या वाट्यातली हातभर लांब, चंदेरी, डोळे अजून लख्ख असलेली सुरमई माझ्या पिशवीत टाकली. भाव करण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि त्यांनी सांगितलेली रक्कमही वाजवीच वाटली.

पिशवी हातात घेऊन रिक्षात बसल्यावर पत्नीने शांतपणे विचारले, की आपण उतरलो आहोत त्या घरी कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, हे लक्षात आहे ना? रिक्षावाला हसला, आणि न विचारताच त्याने रिक्षा बंदराजवळच्या एका खानावळीकडे वळवली. तिथे तासभर थांबून आम्ही ती सुरमई तिरफळाच्या आमटीत आणि तव्यावर, अशी दोन्ही प्रकारे खाल्ली, आणि मुक्कामी परतल्यावर यजमानीणबाईंनी वाढलेल्या मोदकांना आयुष्यात प्रथमच नाही म्हणालो.