घंटीची दोरी

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी हसलोच. जन्मभर मी एसटीचं वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, सोडून सलग असं काही लिहिलेलं नाही. पण शाळेचा एक गृहपाठ माझ्याकडे बाकी आहे. तो आता चुकता करतो.

मी १९७४ साली पाचवीत आलो. शाळा तेव्हा देवळाच्या ओवरीत आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत भरायची. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्षच झालेलं. माझ्या बरोबरीच्या निम्म्या पोरांनी खडी फोडायच्या कामावर आईबापांबरोबर दिवस काढले होते, सुकडी खाल्ली होती. उजनीचं धरण बांधून होत होतं, पण पाणी आमच्या शिवारात अजून यायचं होतं. आज त्याच शिवारात उसाशिवाय काही दिसत नाही. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मला बोलायला लावू नका.

आठवीत आम्हाला मराठीला जे सर होते, त्यांनी आषाढ वद्य चतुर्दशीला आख्खा वर्ग अरणला नेला. चालत. संत सावता माळी महाराजांची ती पुण्यतिथी. वाटेत त्यांनी सांगितलं, "सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. एका सावतोबाची जात नाही. त्याला भेटायला पांडुरंगाचीच पालखी अरणला येते." आम्हाला हे नवीन नव्हतं, आमच्या भागात तान्ह्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेला नाही म्हणतात. पंढरपूर तिथून असं किती लांब? सकाळी निघालेला माणूस अंधार पडायच्या आत पोचेल. तरी गेला नाही. इ. स. १२९५ मध्ये तिथंच त्यानं देह ठेवला. आता तिथं समाधी आहे.

समाधीसमोर बसवून सरांनी अभंग म्हणायला लावला. 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी' सगळ्यांना पाठ होता. पुढं एका ओळीवर मात्र ते थांबले. 'मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी.' त्यांनी विचारलं, "मोट चालताना कुणी कुणी पाहिलीय?" चाळीस पोरांत सहा-सात हात वर झाले. विहिरींवर इंजिनं आली होती.

"मोट गेली. उद्या इंजिनही जाईल. मग तुमची पंढरी कशात?" असं म्हणून त्यांनी गृहपाठ दिला. आपल्या घरातल्या, आपल्या कामातल्या वस्तू घेऊन सावतोबाची ही एक ओळ नव्यानं लिहून आणायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात मजाच झाली. मी 'कुदळ पाटी फावडं सुतळी' असं काहीतरी जुळवलं होतं, कारण दुष्काळी कामावरचं तेवढंच डोळ्यांपुढं होतं. एका मुलीनं 'चूल फुंकणी परात काठवट' लिहिलं. ती ओळ सरांनी दोनदा वाचली. माझ्या ओळीवर 'सुतळी कशाला?' एवढाच शेरा पडला. यमकासाठी, दुसरं काय!

माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र गावकुसाबाहेरच्या वस्तीतून यायचा. त्यानं वही कोरी ठेवली होती. सरांनी कारण विचारल्यावर तो उभा राहून म्हणाला, "सर, माझ्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढली. मी त्या दोरीत पंढरी बघू का?"

वर्ग गप्प झाला. सरही. तास संपेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. मला तेव्हा वाटलं, ह्याला आता छडी बसणार.

तिसऱ्या दिवशी ते आले आणि पुस्तक न उघडता बोलायला लागले. आधी त्या मुलाला म्हणाले, "काल तू बरोबर विचारलंस." मग चोखोबांची गोष्ट सांगितली. सावतोबा देवळात गेला नाही तो आपल्या आनंदानं. चोखोबांना जाऊ दिलं नाही. दोघंही देवळाबाहेरच राहिले, म्हणून दोघांचं बाहेर राहणं सारखं होत नाही. चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, महाद्वारासमोर आहे, म्हणजे मेल्यावरही ते दाराबाहेरच. आणि हे दार उघडावं म्हणून साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. ह्याच गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली होती. स्वधर्म शोधत हिंडावं लागत नाही, तो जन्मतःच वाट्याला आलेला असतो, असं विनोबा तिथं सांगत होते. "लिहून घेणाऱ्यानं त्याचा अर्थ काय घेतला बघा," सर म्हणाले. "जे वाट्याला आलंय ते मुकाट ओढा, असा घेतला नाही. आपल्या काळात बंद असलेलं दार आपल्या वाट्याला आलंय, असा घेतला."

मला त्या वयात यातलं फार कळलं असं नाही. मित्राला कळलं. तो पुढं वकील झाला, अजून कोर्टात उभा राहतो.

मी दहावीनंतर रखडलो आणि १९८६ साली एसटीत कंडक्टर म्हणून लागलो. आमचं घर माळकरी. वडिलांची आषाढी कधी चुकली नाही. माझी मात्र पहिल्याच वर्षी चुकली, कारण आषाढीला सगळ्या महाराष्ट्रातून जादा गाड्या सुटतात आणि तेव्हा कंडक्टरला रजा नसते. वडील घरात माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी आईला ऐकवलं, "चार पैशांसाठी एकादशी मोडली."

ते मला लागलं. आणि खरंही वाटलं. पुढची कितीतरी वर्षं मी ड्यूटीवर पंढरपुरात जायचो, यात्रेसाठी केलेल्या तात्पुरत्या स्थानकावर गाडी लागायची, चिखल तुडवत प्रवासी भरायचे आणि गाडी परत फिरायची. कळसही दिसायचा नाही. सहकाऱ्यांपैकी कुणी म्हणायचं, काम हीच पूजा. मला या वाक्याचा राग आहे. ज्याला दुसऱ्याकडून चार तास जादा काम काढून घ्यायचं असतं, त्याला हे वाक्य फार आवडतं. सावतोबाला कुणी मळ्यात डांबून ठेवलं नव्हतं.

मग एका द्वादशीला, साल असेल १९९४ किंवा ९५, रात्री दहाच्या सुमारास एक म्हातारी गाडीच्या दाराशी आली. दिंडी चुकलेली. पायांत चप्पल नाही, डोक्यावर गाठोडं. गाव विचारलं तर 'वाडी' म्हणाली. कुठली वाडी? वाडी! तालुका ठाऊक नाही. गाडीवर काय पाटी असते? वाचता येत नाही. मागच्या बाकावरून ओरडा सुरू झाला, मास्तर, सोडा आता. (कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात. सर एकदा माझ्या गाडीत बसले तेव्हा त्यांनीही मला मास्तर अशी हाक मारली आणि स्वतःच हसले.)

मी विचारलं, "आजी, बाजार कुठला करता?"

"मंगळवारचा."

"नदी लागते?"

"लागती की. पुलावरनं पलीकडं बाजार."

मग मी फलाटावर हिंडलो. सांगलीचे, साताऱ्याचे, मराठवाड्याचे कंडक्टर एकत्र केले. मंगळवारचा बाजार, मधे नदी, जवळ वाडी. चार गावांची नावं निघाली. ती तिच्यापुढं एकेक म्हणून बघितली. तिसऱ्या नावावर तिचा चेहरा फुलला. तिला योग्य गाडीत बसवलं, त्या कंडक्टरला पुलापाशी उतरवायला सांगितलं, तिच्या कमरेच्या पिशवीतून पैसे मोजून तिकीट काढून दिलं. मला वाटलं, आता पाया बिया पडते की काय. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "आठ आणं राह्यलं की रं!"

खरंच राहिले होते. दिले.

परत गाडीत चढलो, दार ओढलं, आणि डबल बेल द्यायला हात वर केला तो दोरीवर पडला. तेव्हा गाड्यांना घंटीची दोरी असायची, टपाखालून पुढं ड्रायव्हरपर्यंत गेलेली. सतरा-अठरा वर्षांनी गृहपाठाची ओळ आठवली आणि जुळली: पंच पेटी वेबिल दोरी. (पंच म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, पेटी तिकिटांची.) दोरी तर सावतोबाचीच होती, मला फक्त आधीचे तीन शब्द बदलायचे होते. यमकाला सुतळीही लागली नाही. अंगावर काटा वगैरे आला नाही. खिशातले सुट्टे मोजायचे होते आणि गाडीत साठ माणसं उभी होती. पण त्या दिवसापासून आषाढीच्या ड्यूटीचा मला कंटाळा आला नाही. उलट जूनपासूनच मी सुटी नाणी साठवायला लागायचो.

वडील एकदा त्या गर्दीत माझ्याच गाडीनं परतले. रीतसर तिकीट घेतलं, सबंध वाट माझ्याकडं बघत राहिले. घरी आल्यावर मी वाट पाहतोय, काहीतरी बोलतील. म्हणाले, "डबल बेल लई जोरात मारतोस."

अशा चौतीस आषाढ्या झाल्या. पस्तिसावी २०२० ची. त्या वर्षी कोरोनामुळं वारी चालली नाही, आणि ३० जूनला माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. पालखीबरोबर मोजून वीस माणसं. मी घरी टीव्हीसमोर बसून बघत होतो. बायको म्हणाली, डोळे का पुसताय? मी म्हटलं, जन्मभर ज्यांच्या वारकऱ्यांना तिकिटं दिली ते स्वतः गाडीत बसले आणि नेमका मी ड्यूटीवर नाही!

पुढच्या वर्षी निवृत्त झालो. १० जुलै २०२२ च्या एकादशीला पहिल्यांदा प्रवासी म्हणून पंढरपुरात उतरलो. आदल्या दिवशी दुपारी रांगेत उभा राहिलो. रात्रभर पुढच्या-मागच्यांशी गप्पा झाल्या. पहाटे शासकीय महापूजा आटोपल्यावर रांग पुन्हा हलली. गाभाऱ्यात शिरलो. वडिलांची आठवण काढायची, मित्राची काढायची, सरांचं नाव घ्यायचं असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पायांवर डोकं टेकलं न टेकलं तोच खांद्यावर हात पडला आणि तिथला सेवेकरी ओरडला, "चला, पुढं सरका, पुढं सरका!"

मी पुढं सरकलो. दारात मागच्या बाई वळून वळून बघत थबकल्या होत्या. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मावशी, दारात थांबू नका. पुढं बरीच जागा आहे."