अकरा गुंठ्यांचा ओपन स्पेस

आमच्या कॉलनीच्या मधोमध अकरा गुंठे मोकळी जागा आहे. मी १९९९ साली लग्न होऊन इथे आले तेव्हापासून सगळे तिला ‘ओपन स्पेस’च म्हणतात. सातारा जिल्ह्यातलं, नगरपालिका असलेलं आमचं लहान गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी माझे वाद झाले त्यांच्यातल्याच काहींनी पुढे हे काम तडीस नेलं.

त्या जागेत वेडी बाभूळ, गाजरगवत, कुणाची उरलेली वाळू, कुणाची मोडकी ट्रॉली. पावसाळ्यात साप निघायचे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज सपाटीवर चालायला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला चालायला जागाच नाही. रस्त्यावर चालावं तर उसाचे ट्रॅक्टर. एका रविवारी नातवंडांबरोबर त्यांनाही कऱ्हाडला प्रीतिसंगमावर नेलं. बागेतल्या बाकावर बसून त्या म्हणाल्या, “दारात एवढी जागा पडलीया, आन आपण यष्टीनं हितं चालाया आलो.”

जून २०२२ मध्ये मी पहिला अर्ज दिला. त्याआधी असं काही असलं की नगरसेवकाच्या घरी जायची पद्धत होती. पण २०२१ च्या अखेरीला सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्याधिकारीच प्रशासक झाले. विचारायचं कुणाला, तर खिडकीवरच्या माणसाला. ‘ओपन स्पेसमध्ये बाग करून मिळावी’ एवढंच लिहिलं होतं मी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला, ही एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर केली. पुढे तीन वर्षांत टेबलांवरची माणसं बदलली. त्या पोहोचेमुळेच प्रत्येक नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

तीन महिने काहीच झालं नाही. मग बांधकाम विभागातल्या एका वयस्कर लिपिकांनी मला बाजूला बोलावून विचारलं, “ताई, सातबारा कुणाच्या नावावर हाय त्यो बघितलाय का आधी?”

बघितला नव्हता. ऑनलाइन काढला, तर अकरा गुंठे अजून मूळ जमीनमालकाच्या नावावर, आणि ते वारून दहा वर्षं झालेली. नगरपालिका स्वतःच्या नावावर नसलेल्या जागेवर पैसा खर्च करायला धजत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. इतकी वर्षं आम्ही ज्या जागेवरून नगरपालिकेला बोल लावत होतो, ती कागदावर नगरपालिकेची नव्हतीच.

मग माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय धरून, दीडशे शब्दांच्या आत अर्ज: आमच्या लेआउटचा, म्हणजे प्लॉट पाडल्याचा मंजूर नकाशा आणि ओपन स्पेस हस्तांतराचा कागद द्यावा. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही’. २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीला मी एकटीच होते. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की बिनशेतीचा, म्हणजे शेतजमिनीवर घरं बांधायला परवानगी देणारा आदेश महसूल खात्याकडूनच निघालेला असणार, तिथल्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. तिथे तो मिळाला. पिवळा पडलेला, टाइप केलेला, आणि त्यात अट स्वच्छ लिहिलेली: रस्ते आणि खुली जागा कोणताही मोबदला न घेता नगरपालिकेकडे वर्ग करावी.

खुली जागा सोडणं म्हणजे मालकाचा मोठेपणा नसतो, तो नियम असतो. आत्ताच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. प्लॉट घेताना आपण रस्ता बघतो, पाणी बघतो. ती १० टक्के जागा कुठे आहे आणि कुणाच्या नावावर आहे, हे कॉलनीतल्या एकाही घराने बघितलं नव्हतं. आमच्या घरानेही नाही.

आता वारसांकडे जायचं होतं. वारसनोंद झाली होती ती फक्त शेतीच्या गटाला, या तुकड्याला नाही. म्हणजे आधी इथली वारसनोंद, मग हस्तांतराचा दस्त, मग नगरपालिकेच्या नावाचा फेरफार. सह्या पाच: आई, तीन मुलगे आणि मिरजेला दिलेली मुलगी. मुलीचं नाव भावांनी सुरुवातीला सांगितलंच नव्हतं. तलाठ्यांनी विचारलं तेव्हा निघालं.

धाकटा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, “काकू, आज तिथं गुंठ्याला काय भाव चाललाय माहितीये ना?” मी चिडले नाही. आदेशाची झेरॉक्स त्याला पाठवली आणि लिहिलं की या जागेवर बांधकामाची परवानगी कधीच मिळणार नाही, त्यामुळे तिला भाव नाही. त्याचं उत्तर आलं नाही. दिवाळीला तो गावी आला तेव्हा मी आणि शेजारच्या वहिनी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मूळ विषयाला कुणी हात घालेना. शेवटी त्याची आईच बोलली. “तुमच्या आबानी पलाट इकताना परतेकाला सांगितलंय, मधी पोरास्नी खेळायला जागा सोडलीया. त्येंचा शबूद हाय त्यो.” त्यानंतर त्या घरात कुणी भाव काढला नाही. मिरजेची मुलगी सहीला आली ती स्वतःच्या खर्चाने, दिवसाचा पगार बुडवून.

वारसनोंदीची नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. मग प्रशासकांनी जागा स्वीकारण्याचा ठराव केला आणि दस्त नोंदवला गेला. तोवर २०२४ उजाडलं होतं. लोकसभेची आचारसंहिता मार्चमध्ये लागली आणि फाइल थांबली; पावसाळ्यात जरा हलली तर ऑक्टोबरात विधानसभेची लागली. या काळात काही करता आलं नाही. नाही म्हणायला दिवा तेवढा मिळवला.

त्या दिव्याचं सांगायलाच हवं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगरपालिकेच्या कामांचे दोन भाग आहेत. सार्वजनिक ठिकाणी दिवाबत्ती, साफसफाई, गटारं ही आवश्यक कर्तव्यं. बागा, उद्यानं ही स्वेच्छेची कामं, म्हणजे पैसा उरला तर. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषयांमध्ये उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत, पण तिजोरीशी गाठ पडली की बाग मागे राहते. हे त्याच वयस्कर लिपिकांनी मला समजावलं आणि म्हणाले, “बाग नंतर मागा. आधी झाडलोट आन दिवा मागा, त्याला कुणी नाही म्हनत नाही.” मी दोन वेगळे अर्ज दिले. जेसीबीने बाभळी काढल्या, कोपऱ्यात खांब उभा राहिला. उजेड आल्यावर वाळू आणि ट्रॉली आपोआप हलली, आणि संध्याकाळी मुलं तिथे क्रिकेट खेळायला लागली. त्या दिवसापासून कॉलनीतले लोक माझ्याबरोबर नगरपालिकेत यायला तयार झाले.

नगरोत्थान या राज्य सरकारच्या योजनेतून निधी मिळाला. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, हे सगळं झालं. त्यात माझा हात फार नव्हता. कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत मात्र आम्ही मागून घेतली आणि ते बरं झालं. त्यात ईशान्य कोपऱ्यातली चिंच तोडायची होती, पदपथ सरळ यावा म्हणून. झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घरपट्टीच्या बिलात दरवर्षी आम्ही वृक्षकर भरतो तो याच कायद्याखालचा. आम्ही लेखी हरकत दिली. इंजिनियर साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि पदपथ चिंचेला वळसा घालून नेला. आणखी एक मागणी मान्य झाली: व्यायामाची दोन यंत्रं कमी करून त्या पैशात पाठ टेकायचे चार बाक आणि पदपथाच्या एका बाजूला हाताने धरायचा लोखंडी कठडा. सासूबाई रोज तो कठडा धरून तीन फेऱ्या मारतात.

सप्टेंबर २०२५ ला काम पुरं झालं. खरा त्रास त्यानंतरचा.

दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. एका टोळीच्या खोपी दरवर्षी कॉलनीच्या मागच्या रानात पडतात. आईबाप पहाटे फडात गेले की मागे राहिलेली मुलं थेट झोपाळ्यावर. आठवड्याभरात कॉलनीतल्या चाळीस जणांच्या सहीचा अर्ज तयार झाला: बाग कॉलनीच्या ताब्यात द्यावी, फाटकाला कुलूप लावायची परवानगी मिळावी, किल्ली सभासदांकडे राहील. सही मागायला माझ्याकडे आले. ज्या वहिनी माझ्याबरोबर वारसांच्या घरी आल्या होत्या, त्यांचीच पहिली सही होती.

मी सही केली नाही. त्या अर्जातलं सगळं खोटं नव्हतं. मुलं चिखलाच्या पायांनी घसरगुंडीवर चढायची, नळ उघडा राहायचा. पण ही जागा सरकारी पैशाने झाली आहे, आणि आबांनी दिलेल्या शब्दात कुणाच्या पोरांना हे म्हटलेलं नव्हतं. मी वेगळा अर्ज दिला: बाग सर्वांना खुली असावी, रात्री नऊनंतर बंद व्हावी, नळाला दाबायची तोटी बसवावी आणि दिवसातून दोन तास सफाई कर्मचारी द्यावा. दोन महिने वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं. माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकाही कमी झाल्या.

२ डिसेंबरला नगरपालिकेचं मतदान झालं, निकाल २१ ला लागला. नव्या सभागृहाच्या विषयपत्रिकेवर फेब्रुवारीत दोन्ही अर्ज एकत्र आले. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. कुलुपाच्या बाजूने तिघं बोलले. मग आमच्या प्रभागातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविका उठल्या. मी त्यांना एकदाच भेटले होते. त्या म्हणाल्या की त्यांचे वडील कोयता घेऊन गावोगाव फिरलेत, आणि त्यांना लहानपणी एका शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून खेळ बघितलेला आठवतो. फार बोलल्या नाहीत. सूचक त्याच होत्या, अनुमोदक कुलुपाच्या बाजूने बोललेल्यांपैकीच एक. ठराव झाला: बाग सार्वजनिक वापरासाठी खुली राहील, कुलूप फक्त रात्री, किल्ली नगरपालिकेकडे. इतिवृत्ताची प्रत पानाला दोन रुपये भरून मी घेतली आणि फाइलला लावली.

वहिनी आता पुन्हा येतात. पहिल्या दिवशी आल्या त्या ब्लाउजचं कापड घेऊन; त्या विषयावर आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.

ठरावात ‘देखभाल नगरपालिका करील’ असं आहे, पण नगरपालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात या बागेच्या देखभालीची वेगळी तरतूद नाही. तोटी बसली, सफाई कर्मचारी आठवड्यातून तीनदा येतो. गेल्या आठवड्यात एका झोपाळ्याच्या साखळीची कडी झिजून निसटायला आली. कुणी बसू नये म्हणून तो झोपाळा आम्ही दोरीने वर बांधून ठेवला आहे. कडीसाठी एक आणि तरतुदीसाठी एक असे दोन अर्ज दिले आहेत. सोमवारी पोहोच घेऊन बांधकाम विभागात जायचं आहे. वहिनी म्हणाल्या, मीही येते.