आखाजीचा मांडा, सेकंदाला २४० फ्रेम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पानात आमरस आणि खापरावरचा पुरणाचा मांडा नसेल, तर आमच्या खानदेशात सण झाला असे कोणी मानत नाही. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी हे मांडे मावशी करते. गेली तीन वर्षे मी तिच्या शेजारी बसून शिकते आहे. परंतु पुरण भरलेला उंडा हातावर चढतो, बघता बघता कोपरापर्यंत पसरतो आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर जाऊन पडतो, ते मधले काही क्षण डोळ्यांना कधीच सापडत नाहीत. म्हणून यंदा तिचे हात मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायचे मी ठरवले.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात केलेला पहिला प्रयत्न पूर्ण वाया गेला. मोबाइल एका सेकंदात २४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, टिपतो आणि ती चित्रे सेकंदाला ३० या वेगाने दाखवतो, त्यामुळे एका सेकंदाचे आठ सेकंद होतात. पण त्याच कारणाने प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्यासाठी फार तर १/२४० सेकंद मिळतो, आणि घरातला उजेड तेवढ्याला पुरत नाही. चित्र काळपट व दाणेदार आले, शिवाय ते सारखे लुकलुकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि एरवी न जाणवणारी ही उघडझाप स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसते. काही मोबाइलमध्ये ९६० फ्रेमचीही सोय असते, परंतु २०१८ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ९ मध्ये ती अवघ्या ०.२ सेकंदासाठी होती. मांड्यासारख्या कामाला २४०च योग्य, असे माझे मत आहे.

सणाच्या सकाळी चूल अंगणात मांडली. मोबाइल डब्याला टेकवून स्थिर ठेवला, मोबाइलच्या पडद्यावर मावशीच्या मनगटांच्या जागी बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कायम केला, आणि ऊन तिच्या मागून, तिरपे येईल असे पाहिले. स्लो मोशनमध्ये आवाज ताणला जाऊन निरुपयोगी होतो, म्हणून एक मांडा साध्या वेगातही टिपला.

जे दिसले त्याने मी थक्क झाले. मी आजवर मांडा ओढत होते. मावशी तो ओढतच नाही. एका हातावरून दुसऱ्या हातावर जाताना तो क्षणभर लोंबतो, स्वतःच्याच भाराने खाली वाढतो, आणि तेवढ्यात मनगट वळून त्याची दुसरी बाजू वर येते. तिची बोटे कडेला कुठेही चिमटा घेत नाहीत. उन्हासमोर आलेल्या त्या पातळ पडद्यातून पुरणाची पिवळसर सावली कडेकडे सरकताना दिसते. “तू ओढस, म्हनीसन फाटस, त्याले त्याना वजनवर उतरू दे,” असे ती मला तीन वर्षे सांगत होती.

दुपारी मी तिला तो व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा मध्येच थांबवायला लावला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “आठे (इथे) पुरन एक बाजूले गये.”