ज्युपिटर-८ आणि पॉइंट एकची शिम

कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतला रोल धुऊन आला आणि मी हिरमुसलो. पैलवानाच्या डोळ्यांवर फोकस धरला होता, निगेटिव्हवर मात्र त्याचा मोडलेला कान लख्ख आणि डोळे मऊ. एफ/२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, जवळून घेतलेल्या सगळ्या फ्रेमचं तेच.

कॅमेरा कॅनन पी, लेन्स ज्युपिटर-८. जर्मन लेन्स माझ्या खिशाला झेपत नाहीत, पण ३९ मिलिमीटर आट्यांच्या जुन्या रशियन लेन्स झेपतात. दिवसा रंकाळ्यावर फिरायला इंडस्टार-६१ पुरते: ५५ मिलिमीटर, एफ/२.८, चांगली करकरीत. तालमीत मात्र झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. ४०० आयएसओचा, कमी उजेडात चालणारा रोल घालूनही शटर १/३० वर येतं, तिथं एफ/२ च लागतो. आणि खरं सांगायचं तर ज्युपिटर-८ वर माझा जीव आहे. लुडविग बर्टेले यांनी त्साइस या जर्मन कंपनीसाठी आखलेल्या सोनार रचनेवर ती बेतलेली आहे. काचा सहा, पण तीनच गटांत चिकटवलेल्या. त्यामुळं आतल्या आत उजेड कमी उसळतो आणि काळं ते काळंच राहतं. घामेजल्या खांद्यावरचा उजेड ती उतरवते तसा मला दुसऱ्या कुठल्याच स्वस्त लेन्सनं दिलेला नाही. म्हणून ती विकायचा विचार केला नाही, दोष शोधायला बसलो.

आधी कॅमेरा तपासला. गच्चीवरून दूरच्या डोंगराच्या कडेवर रेंजफाइंडरच्या (दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायच्या यंत्रणेच्या) दोन्ही प्रतिमा नीट जुळत होत्या. मग मागचं झाकण उघडलं, फिल्म टेकते त्या आतल्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवला, खरबरीत बाजू लेन्सकडे. शटर बी वर, म्हणजे दाबून धरेपर्यंत उघडं, केबल रिलीज दाबून धरलेली. एक मीटरवर काडेपेटी ठेवून तिच्यावर रेंजफाइंडर जुळवला आणि काचेवर भिंगातून पाहिलं. काडेपेटी धूसर, तिच्यामागं तीनेक सेंटिमीटरवरची पट्टी स्पष्ट!

कारण कागदावर सापडलं. माझ्या कॅननसारखे लायकाच्या पद्धतीचे कॅमेरे ५१.६ मिलिमीटर हे खरं फोकल लेंग्थ धरून चालतात, सोनारच्या घराण्यात ते ५२.४ च्या आसपास असतं. अनंतावर दोघांचं जमतं, पण जवळ येईल तशी लेन्स थोडी कमी पुढं सरकते. एक मीटरवर हा फरक ०.०९ मिलिमीटर निघाला. तेवढी, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर जाड चकती (शिम) काचांच्या गाभ्याखाली घातली की काम होणार.

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून उद्यमनगरला गेलो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वदेशी कॅमेरा घडवला, तिथं एक चकती मिळेलच, असं मला मनापासून वाटत होतं. लेथवरच्या मामांना आतली जुनी शिम दाखवली.

“कितीची पायजे?”

“पॉइंट एक.”

“मग पितळी शिमचा पत्रा हाय की. थांबा हितंच.”

दोन जाड चकत्यांमध्ये पत्रा दाबून त्यांनी रिंग कापली, कडेची बुरी बोटानं चाचपून काढली आणि मायक्रोमीटर माझ्यासमोर धरला. पैसे विचारले तर म्हणाले, “फोटो दाखवा आधी.”

घरी गाभा फिरवून बाहेर काढला, जुन्या शिमवर नवी ठेवली, परत बसवला. काचेवर काडेपेटीची अक्षरं वाचता आली. याची किंमत दूरच्या फोकसमध्ये मोजावी लागते: अनंतावर फिरवली तरी लेन्स आता साधारण २५ मीटरवर थांबते. दूरचं काढताना मी एफ/५.६ किंवा त्याहून बारीक ठेवतो, एवढ्यानं भागतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तालमीत गेलो. त्याच पैलवानाला उभं केलं, एफ/२, १/३०. या वेळी पापणीवर बसलेली लाल माती दिसते. तोच प्रिंट घेऊन उद्या उद्यमनगरला जायचंय.