पाळलेली पाल

काल रात्री कोथरूडच्या घरात ट्यूबलाइटच्या पट्टीमागून पाल बाहेर आली आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "काय गं, जेवलीस का?" मागे उभी असलेली मावशी दोन पावलं सरकली. तीन आठवड्यांच्या सुट्टीला आलेय. इंग्लंडात राहून मी बिघडले नाही याची सगळ्यांना खात्री पटत आली होती, त्यावर या एका वाक्याने पाणी पडलं.

मावशीची चूक नाही. मीही याच घराण्यातली. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पाल दिसली की आधी किंकाळी आणि मग झाडू, असा क्रम ठरलेला. आम्ही अंडंही न खाणारी माणसं, पण पाली पळाव्यात म्हणून शेजाऱ्यांकडून अंड्याची टरफलं मागून आणून खिडकीत अडकवलेली असायची. एकदा आजीच्या खांद्यावर पाल पडली, तर तिने अंघोळ करून थेट पंचांगातलं पल्लीपतनाचं पान उघडलं. उजवा खांदा की डावा, यावर घरात अर्धा तास खल चालला.

तर अशा घरातली मी, आणि नॉटिंगहॅमच्या आमच्या बैठकीच्या खोलीत आज साडेतीन फुटी पेटीत एक पाल राहते. लेपर्ड गेको. वीतभर लांब, हापूसच्या रंगाची, अंगभर काळे ठिपके. शेजारणीची होती. तिला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली, आणि तो देश बाहेरून पाळीव सरपटणारे प्राणी आणूच देत नाही. ती आमच्या दारात पेटी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही भारतातले ना, तुम्हाला पालींची सवय असेल. सवय होतीच, झाडू घेऊन मागे धावण्याची. पण तिचे डोळे भरून आले होते आणि नवऱ्याने मी तोंड उघडायच्या आत "हो" म्हणून टाकलं. पालीचं नाव मँगो. वय तेव्हा चार. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते, हे शेजारीण गेल्यावर आठवड्याने वाचलं.

पहिले काही दिवस मी पेटीकडे पाठ करून चहा प्यायचे. मग एका संध्याकाळी तिने माझ्याकडे बघून डोळे मिटले. चक्क पापण्या! आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, डोळ्यांवर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने पुसते. ही बया माणसासारखी पापण्या मिटते. भिंतीवर तर तिला चढताच येत नाही, कारण पायांना ते चिकटणारे तळवे नाहीत, साधी नखं आहेत. म्हणजे अंगावर पडायचा प्रश्न मिटला. माझी अर्धी भीती तिथेच संपली.

उरलेली अर्धी उष्णतेच्या हिशेबात गेली. तिला एका टोकाला बत्तीसेक अंश हवेत आणि दुसऱ्या टोकाला चोवीसच्या आसपास, म्हणजे लागेल तसं तिने सरकावं. पोटाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, आतच सडतं. आमच्या घरात जानेवारीत अठरा अंश असतात, तेही गॅसचं बिल बघून. म्हणून पेटीत दिवा, दिव्याखाली स्लेटची फरशी आणि फरशीला थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान बघून दिवा चालू-बंद करणाऱ्या यंत्राची वायर. मे महिन्यात रात्री जेवण झाल्यावर गच्चीतल्या शहाबादीवर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांना जे लागतं, तेच तिला हवं असतं. रानात ती संध्याकाळी तापलेल्या दगडाखाली अशीच शेकते.

पहिल्याच हिवाळ्यात मी घोळ घातला. पेटी पुसताना वायरचं टोक फरशीवरून घसरून थंड कोपऱ्यात पडलं. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, त्याने दिवा पेटता ठेवला. ऑफिसातून आले तर बाई पाण्याच्या वाटीत पोट टेकून बसलेल्या. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळावर धरायचा तसलं पिस्तूल आमच्याकडे आहे. ते फरशीवर धरलं तर 46. तिला काही झालं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. आता ती वायर स्लेटला टेपने चिकटवलेली आहे आणि रोज सकाळी दात घासता घासता मी आकडा बघते.

खरी गंमत आई आल्यावर झाली. तिला फोनवर सांगितलंच नव्हतं. आल्यावर पेटी बघितली, ओठ आवळले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर आणि आई फ्रीज आवरायला. संध्याकाळी म्हणाली, "तुमच्या त्या डब्यातल्या कोंड्याला अळ्या झाल्या होत्या. टाकून दिला. फ्रीजमध्ये ठेवूनसुद्धा अळ्या होतात म्हणजे काय हवा आहे इथली!"

तो मँगोचा आठवड्याचा शिधा होता. मीलवर्म, दुकानातून तीन पौंड देऊन आणलेले. गारव्यात ते सुस्तावतात आणि टिकतात, म्हणून फ्रीज. हे ऐकून आई खुर्चीत बसली. "आम्ही जन्मभर रवा भाजून ठेवला अळ्या होऊ नयेत म्हणून, आणि तुम्ही विकत आणता?" मग शाकाहारी घर, फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी अळ्या, यावर जे काय ऐकायचं ते ऐकलं. हिला वरणभात चालत नाही का, निदान आंब्याची फोड? नाही चालत. ती फक्त किडे खाते, तेही हलणारे.

आईचा विरोध कधी मावळला ते नेमकं सांगता येणार नाही. मला वाटतं, मँगो कुठली हे कळल्यावर. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या डोंगराळ भागातली. शास्त्रात तिचं पहिलं वर्णन केलं ते 1854 साली, कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने. तिची एक चुलत बहीण आपल्या महाराष्ट्र-गुजरातेत राहते. "म्हणजे आपल्याकडचीच की," आई म्हणाली, "आणि पडलीये बिचारी या थंडीत." त्या दिवसापासून मँगोची आंबी झाली.

मग खाऊ घालणं आईने ताब्यात घेतलं. अळ्या नुसत्या द्यायच्या नसतात, कॅल्शियमची पूड लावून द्यायच्या, नाहीतर हाडं मऊ पडून पाय वाकडे होतात. आई एका वाटीत पाच अळ्या घ्यायची, चिमूटभर पूड टाकायची आणि वाटी अशी फिरवायची की चिरोट्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी ती सगळीकडे सारखी बसावी. मग चिमट्याने एकेक पुढे. आंबी आधी मान वाकडी करून बघते, पाऊल उचलून हवेतच धरते, शेपटीचं टोक थरथरतं, आणि झडप. नंतर जीभ बाहेर काढून दोन्ही ओठ चाटते. "पंगतीला बसल्यासारखी जेवते," आई म्हणायची. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या जागी नोंदी होऊ लागल्या: "आंबी 5", "आंबी 4, एक टाकली". एकादशीच्या चौकटीत काहीच नाही. विचारलं तर म्हणाली, आज उपास, उद्या देईन. मोठ्या गेकोला दोन-तीन दिवसांआडच खायला लागतं, शेपटीत चरबी साठवलेली असते, त्यामुळे तिची एकादशी बिनबोभाट पार पडली.

एका दुपारी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन. "लगेच ये. आंबी पांढरीफटक पडलीये." मी ओळखलं, कात. महिना-दीड महिन्यातून एकदा ती राखेसारखी होते, मग नाकापासून सोलायला लागते आणि सोललेली कात स्वतःच खाऊन टाकते. ओल्या शेवाळाचा एक बंद डबा त्यासाठी पेटीत ठेवलेला असतो. घरी पोचले तेव्हा कार्यक्रम आटोपला होता. आंबी नव्या नाण्यासारखी, आणि आई पेटीसमोर चष्मा लावून गुडघ्यांवर. बोटांना कातीचा दोरा अडकून राहिला तर तो आवळत जातो आणि बोट झडतं, हे मी तिला आधी सांगून ठेवलं होतं. "वीसच्या वीस मोकळी आहेत," आई म्हणाली. "मी दोनदा मोजली."

इथे पुण्यात भाचा मागे लागलाय, मलाही पाहिजे. त्याला सांगितलं, रानातली कुठलीही उचलून आणायची नाही, वन्यजीव कायदा 1972 पासून आहे. आणि परदेशी प्राणी म्हणशील तर 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (CITES) यादीतल्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. दुकानदार "काही लागत नाही" म्हणाला तर आधी वनखात्यात विचारून ये. शिवाय वीस वर्षं अळ्या कोण आणणार? तो तूर्त कासवावर घसरलाय. कासवांचं प्रकरण तर त्याहून कडक, पण ते उद्या बोलू.

काल मावशी झाडू घेऊन आलीच. आईने तिचा हात धरला. "राहू दे, डास खाते ती." मग दोघी मान वर करून बघत राहिल्या.

"ही डोळे का मिटत नाही गं?" आईने मला विचारलं.

"हिला पापण्या नसतात."

"अगंबाई." आईने उठून ट्यूबलाइट बंद केली. "उजेडात कशी झोपेल मग?"

भिंतीवरच्या पालींचा दिवसच रात्री सुरू होतो, आणि ही दिव्याशी येणारे किडे खायला म्हणूनच बाहेर आली होती. आम्ही तिघी अंधारात बसलो.