थिजलेली बाटली

गोव्यात थंडी पडली की नाही, हे मी खोबरेलाच्या बाटलीकडे बघून ठरवतो. डिसेंबरअखेर फोंड्याकडे पहाटे पारा विशीपर्यंत उतरतो आणि न्हाणीच्या कोनाड्यातली बाटली पांढरी होऊन बसते. पुण्या-नाशकाचे पाहुणे "ही कसली थंडी?" म्हणून हसतात. हसोत. खोबरेल साधारण 24 अंशांनाच थिजतं, त्याला नाशकाच्या थंडीची गरज नाही.

बाटलीचं तोंड अरुंद. आजी माडाच्या हिराची काडी आत खुपसून तेल उकरायची, नाहीतर बाटली भाणाच्या, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याच्या, चुलीशेजारी नेऊन ठेवायची. मी टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभा. चूल धडधडतेय, बाटली कोमट झालीय, आणि मधला पांढरा गोळा जागचा हलत नाही! एवढी ऊब जाते कुठे?

हाच प्रश्न 1760च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञांना बर्फाबद्दल पडला होता. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल. आणि ती सगळी पोटात घालूनही थर्मामीटर शून्यावरच. उष्णता कणांची घट्ट बसलेली मांडणी मोडण्यात खर्ची पडते, तापमान वाढवायला उरत नाही. ब्लॅक म्हणत, हे असं नसतं तर वसंतात सगळा बर्फ एकदम वितळून पूर आले असते. मराठीत या उष्णतेला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. सासरी आलेल्या शांत सुनेचं वर्णन वाटतं.

खोबरेल मात्र बर्फाइतकं शिस्तीचं नाही. ते अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण, म्हणून आधी मऊ पडतं, मग कडेने सुटतं, मग मधला गोळा डुलायला लागतो. तेवढ्यात थोडं तळहातावर घेतलं तर गार लागतं, कारण वितळायची उष्णता ते आपल्याच हातातून घेतं. भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा तेही करत नाही. तो 40 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे अंगाच्या उबेला दाद देत नाही. टाचांच्या भेगांना लावायचा तर आधी दिव्यावर धरावा लागतो.

बाजारात नुस्तेंकान्नीकडे, म्हणजे मासेवालीकडे, बांगडे घेताना मी एकदा टोपलीतल्या पाण्याकडे बोट दाखवलं: बर्फ तर विरघळला! (विरघळते ती साखर, बर्फ वितळतो, पण बाजारात हे कोण बघतं.) ती म्हणाली, "बर्फ आसा मरे, नुस्त्याक कितें जाता?" (बर्फ आहे ना, माशांना काय होतंय?) बरोबरच होतं तिचं. बांगड्यांमध्ये खडे शिल्लक होते, आणि ते असेपर्यंत बाहेरची ऊब आधी त्यांनाच वितळवण्यात जाते.

आता चूल नाही, भाणही नाही. गेल्या जानेवारीत घाईच्या सकाळी मी बाटली उकळत्या पाण्यात उभी केली आणि फोन घ्यायला गेलो. परत आलो तर तेल छान पातळ झालं होतं. प्लास्टिकची बाटलीही कमरेत वाकली होती. ती अजून कोनाड्यातच आहे, भिंतीला टेकवून ठेवावी लागते.